स्क्रीन एआय काढतंय, मग डिझायनरनं पैसे कशाचे मागायचे?

सातवी गल्ली

मी डिझायनर. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डवाला नव्हे (त्यांचं माझ्यापेक्षा बरं चाललंय). माणसांच्या रोजच्या वापरातल्या गोष्टी बेततो: अ‍ॅप, पावत्या, फॉर्म, मशीनवरचं पॅनेल. याला मानवकेंद्री डिझाइन म्हणतात. डॉन नॉर्मन वगैरे मंडळींनी १९८०च्या दशकात त्याचा पाया घातला, पुढं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं ९२४१-२१० नावाचं मानकही काढलं. पद्धत सांगायला सोपी आहे. वापरणारा माणूस आधी बघायचा, मग बेतायचं, मग त्याच्याच हातात देऊन तपासायचं, आणि जमलं नाही की परत माणसाकडं. पुण्यातली नोकरी सोडून आता कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून काम करतो. गिऱ्हाइकं म्हणजे दूध संस्था, चप्पलवाले, उद्यमनगरातले कारखानदार, एखाददुसरी पतसंस्था.

२०२२ साली मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन ही चित्रं काढणारी एआय आणि नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं. तोवर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं यायचं, आता स्क्रीन घेऊनच येतं. एआयला चार ओळी सांगितल्या, त्यानं चहा होईपर्यंत सगळं अ‍ॅप मांडून दिलं. रंग झकास, बटणं जागच्या जागी. "तयारच आहे, तुम्ही फक्त जरा नीट करून द्या." आणि जराशा कामाचे पैसेही जरासेच.

त्या स्क्रीन वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या चांगल्या दिसतात, तीच पंचाईत आहे.

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं सांगतो. सभासदांसाठी अ‍ॅप हवं होतं, एआयनं केलेला नमुना सोबत. वर सभासदाचा हसरा फोटो, खाली आजच्या लिटरचा आलेख, आणि हिरव्या पट्टीत 'अभिनंदन! तुमच्या दुधाची प्रत सुधारली आहे.' मी सकाळच्या संकलनाला जाऊन उभा राहिलो. दूध घालायला आलेल्यांत बायका जास्त. खातं मात्र नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, त्यामुळं हसरा फोटो कुणाचा लावायचा इथंच गाडी अडली. बहुतेकींकडं फोन नव्हता. ज्यांच्याकडं होता त्यांचे हात ओले, आणि ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. मापात किटली रिकामी झाली, नमुना मशीनला लागला, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि दुधातले बाकीचे घन पदार्थ) आलं, पावती फाडली की बाई बाजूला. मागं रांग असते. आलेख बघायला कोण थांबतंय?

एका मावशींना विचारलं, पावतीवर काय बघता? तर म्हणाल्या, "फॅट काय, रोजचंच हाय. बिलातनं किती कापणार ते सांगतंय का तुमचं हे?" बिल दहा दिवसांचं. त्यातनं पशुखाद्याची पोती, उचल, कुठला तरी हप्ता वजा होऊन हातात काय पडणार, हा सगळ्यांचा प्रश्न. दिवाळीला मिळणाऱ्या दरफरकाचा अंदाज तर त्या बोटांवर मोजून सांगतात. शेवटी सभासदांचं अ‍ॅप बाजूला ठेवलं. पावतीच्या तळाशी दोन ओळी वाढवल्या, या बिलात आजवर जमा किती आणि कपात किती. सचिवांच्या संगणकावरचा एक पडदा बदलला. संपलं काम.

यातलं एआयला काहीच ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण हे कुणी कुठं लिहून ठेवलेलंच नाही. पण गिऱ्हाइकाच्या हिशेबानं एआयनं फुकटात चौदा स्क्रीन दिल्या आणि मी पैसे घेऊन दोन ओळी.

एआय वापरू नये असलं काही माझं म्हणणं नाही, मी रोज वापरतो. प्रश्न एवढाच की तुमच्या धंद्यात हे तुम्ही कसं निभावताय?

तांबडापांढरा

भावा, दोन ओळींचं बिल चौदा स्क्रीनच्या दुप्पट लाव. लोकं आपोआप इचारतील का म्हणून. मग सांगत बस. नाद खुळा!

उद्यमनगरी

बोलायला सोपं आहे. आता गिऱ्हाइकाची बाजू ऐका. माझी फौंड्री आहे. पॅटर्नचा मिस्त्री पूर्वी सागवानात पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना करायचा, आता कॅडची फाइल येते आणि मशीन कापून देतं. म्हणून मिस्त्री गेला का? आमच्याकडं तरी नाही गेला. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा धरायचा हे सॉफ्टवेअरलाही कळतं. पण जाड भाग बारकाला मिळतो तिथं तडा जाईल का, रायझर (आकसताना जादा रस पुरवणारा साठा) कुठं घ्यायचा, आमच्या वाळूत आणि आमच्या भट्टीवर काय होतं हे तो सांगतो. मी त्याला पगार देतो तो माझं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, कमी होतं म्हणून. तुमच्या कामानं माझं रिजेक्शन किती उतरलं ते दाखवा, मी पैसे मोजतो. "मी पहाटे उठून संकलनाला उभा राहिलो" याचे पैसे मी कशाला देऊ?

सातवी गल्ली

कडू आहे पण खरं आहे. दूध संस्थेत तुमचं 'रिजेक्शन' म्हणजे बिलाच्या दिवशी खिडकीवर हिशेब विचारायला येणारी माणसं आणि त्यात जाणारा सचिवांचा अर्धा दिवस. हल्ली मी काम घेण्याआधीच गिऱ्हाइकाकडून लिहून घेतो की सध्या नेमकं काय अडतंय, कुणाचा वेळ जातोय, कुठं चुकतंय. निम्म्या वेळा ते लिहितानाच कळतं की अ‍ॅप नकोच आहे. स्क्रीनमागं दर लावायचं मी सोडून दिलंय. आधी बघण्याचं काम, त्याचे वेगळे पैसे, आणि त्यानंतर 'काही करू नका' असंही उत्तर येऊ शकतं हे कागदावर. चार जण यावर निघून गेले. जे राहिले त्यांच्याशी भांडण होत नाही.

फ्लेक्सवाला

आमच्याकडं या, एआयची मजा बघायला. भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. मागं ढग, वीज, डरकाळी फोडणारा वाघ हे सगळं एआय दोन मिनिटांत देतंय, पूर्वी त्याला रात्र जायची. पण अक्षर? 'हार्दिक शुभेच्छा' म्हणून जे काय यायचं ते बघून गिऱ्हाईक रडायचं. रफार भलतीकडं, जोडाक्षर तुटलेलं, एखादी मात्रा हवेत. नवीन मॉडेलांत बरंच सुधारलंय, खोटं कशाला बोलू, पण छापून चौकात वीस फुटांवर लावल्यावर एक काना चुकला तर गल्ली हसते. म्हणून पार्श्वभूमी एआयची, अक्षरं आमची श्रीलिपी या मराठी फाँटांच्या सॉफ्टवेअरात.

हाताचं काम आमच्याच धंद्यानं आधी गमावलंय, हे पण सांगतो. माझे वडील पेंटर होते. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, मंडळाचे बोर्ड. फ्लेक्स आलं तसं ब्रशचं काम गेलं आणि मीच फ्लेक्सचं मशीन घेतलं. तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

अक्षरवेल

मूळची कोल्हापूरची, आता बेंगळुरूत. शिकले पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन विभागात. आमच्या ऑफिसात एक नवीन खूळ आलंय, कृत्रिम वापरकर्ते. एआयला सांगायचं, 'तू ४५ वर्षांची ग्रामीण महिला आहेस, हे अ‍ॅप वापरून सांग कसं वाटलं.' ते म्हणतं, छान आहे, पण अक्षर मोठं हवं. दुसरी महिला तयार करा, तिलाही अक्षर मोठं हवं. तिसरीलाही. ही मॉडेल्स विचारणाऱ्याचं मन राखायला शिकलेली असतात. खरी माणसं आडवी जातात, विषय सोडून सुनेबद्दल बोलतात, फोन तुमच्या हातात परत देतात. सातवी गल्ली, तुमच्या मावशींनी आलेखाला नावंसुद्धा ठेवली नाहीत, सरळ दुसराच प्रश्न विचारला. कृत्रिम मावशी हे कधीच करणार नाही, कारण तिला विचारलंय ते आलेखाबद्दल.

आणि हे सगळं म्हणे खर्च वाचवायला! वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब निल्सननं २००० सालीच मांडलं होतं की वापराच्या चाचणीला पाच माणसं घेतली तरी बहुतेक अडचणी बाहेर येतात. पाच माणसं गोळा करायला असा काय खर्च येतो?

दुसरा मुद्दा. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यातून पुढं १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी साध्या लोट्याचं भरभरून कौतुक केलंय. तो कुणा एकानं बेतलेला नाही, पिढ्यान्पिढ्या वापरून घडलाय. एआयचे भक्त म्हणतील, एआय पण तेच करतंय, हजारो लोकांचं ज्ञान एकत्र. पण लोट्याला प्रत्येक पिढीत कुणीतरी कमरेवर घेतलंय, त्यातून पाणी ओतलंय, तो घासलाय. जे नडलं ते बदललं. चित्रं बघून शिकलेल्या मॉडेलला नडतं काय?

सातवी गल्ली

अक्षरवेल, लोट्यावरनं चपलेचं आठवलं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, उगमाचा उल्लेख न करता, आणि इथं किती ओरड झाली ते आठवत असेल. नंतर त्यांनी मूळ मान्य केलं. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या गदारोळानंतर एका दुकानदाराला ऑनलाइन विक्री वाढवायची घाई झाली. फोटोग्राफरचा खर्च नको म्हणून कॅटलॉग एआयनं केलेला.

चित्रं बघण्यासारखी. राजवाड्याची पायरी, तिरपं ऊन, चामड्यावर सुरेख चमक. मी ती सुभाषनगरातल्या एका कारागिरांना दाखवली. त्यांनी फोन उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाले, "हिच्यात पाय कुठनं घालायचा?" मग मला दिसलं. वेणी पट्ट्यात शिरून गायब झाली होती, पलीकडून बाहेरच येत नव्हती. एका चपलेला अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची वादी) होता, दुसरीला नुसता फुगवटा. आणि कडेनं ओळीत पितळी खिळे! अस्सल कोल्हापुरी चामड्याच्याच दोरीनं शिवतात, तिच्यात खिळा येत नाही. तळ, कान, अंगठा, सगळं एकमेकांत ओवलेलं असतं. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याला जो करडा-तपकिरी रंग येतो त्याच्या जागी चॉकलेटी वार्निश दिसत होतं.

ही चित्रं करणारी मॉडेल्स नुसत्या ठिपक्यांच्या गोंगाटातून सुरुवात करतात आणि वर्णनाशी जुळेल असं चित्र त्यातून टप्प्याटप्प्यानं साफ करत आणतात. चप्पल कशी दिसते एवढंच त्यांच्या गाठीला. कुठली वादी कुठून निघून कुठं शिरते याचा त्यांना पत्ता नसतो, कारण ती शिवण तळाच्या आत असते आणि फोटोत येतच नाही. गिऱ्हाइकानं चित्र बघून मागवली आणि घरी वेगळीच चप्पल आली की पहिला फोन दुकानदाराला. आता ठरलंय ते असं: चप्पल खऱ्या फोटोतली, मागची पायरी हवी तर एआयची. कारागिराला दाखवल्याशिवाय काही चढवायचं नाही.

कलापूर

कोल्हापूरकरांनी यंत्राला घाबरायचं म्हणजे कमाल झाली. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी १९१७ मध्ये इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा विकत मिळेना तर स्वतः बनवला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सिनेमा आला म्हणून त्यांनी ब्रश टाकला नाही, सिनेमाची पोस्टरंही रंगवली. नवं आलं की आपण शिकायचं. रडगाणं पुरे.

उद्यमनगरी

फरक आहे साहेब. कॅमेरा त्यांनी स्वतः उघडून, घासून, जोडून केला. तो बिघडला तर त्यांना दुरुस्त करता येत होता. यांचा एआय दरमहा डॉलरमध्ये भाड्यानं. उद्या दर वाढला किंवा मॉडेल बदललं तर कालची कृती आज चालत नाही. मी मशीन घेताना स्पेअर पार्ट कोल्हापुरात मिळतात का ते आधी बघतो.

कलापूर

हे मान्य. पण मग उपाय न वापरण्यात नाही, उघडून बघण्यात आहे. घरच्या संगणकावर चालणारी खुली मॉडेल्स आहेत की.

चिखलीकर

आमच्याकडं दरवर्षी पावसाळ्यात कुणी ना कुणी पुराचं अ‍ॅप घेऊन येतंय. हल्ली सगळी एकाच साच्यातली. हिरवा, पिवळा, लाल नकाशा, घंटेचं चित्र, 'सुरक्षित स्थळी जा'. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्या पोरांनापण पाठ आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले म्हटल्यावर पाणी आपल्याकडं कधी येणार याचा अंदाज म्हातारी माणसं बरोबर लावतात. आम्हाला फुटाचा आकडा नको, तो रेडिओवर मिळतोय. आम्हाला पाहिजे ते हे: आत्ताचं पाणी २०१९ च्या कुठल्या दिवसाएवढं आहे? कारण त्या वर्षी कुणाच्या उंबऱ्याला कधी लागलं, जनावरं कधी हलवली, हे घराघराला माहीत आहे. २०२१ ला तेच झालं. तुमचा लाल रंग बघून कुणी म्हैस सोडत नाही. शेजाऱ्यानं सोडली की सोडतंय.

सातवी गल्ली

चिखलीकर, हे सोनं आहे. माझ्याकडं पुराचं काम आलेलं नाही, पण आलं तर पहिली फेरी तुमच्याकडं.

यावरनंच एआयचा मला झालेला खरा फायदा सांगतो, नाहीतर मी नुसता कुरकुरतोय असं वाटायचं. पूर्वी चालता नमुना करायला प्रोग्रामर लागायचा, आठवडे जायचे. त्यामुळं लोकांना एकच नमुना दाखवायचो आणि तो मोडायला जीव व्हायचा नाही. आता तुमचं हे '२०१९ च्या कुठल्या दिवसाएवढं' ऐकलं की दुपारी एआयला बसवून मोडकातोडका पण चालता पडदा करता येतो, आणि संध्याकाळी त्याच कट्ट्यावर परत नेता येतो. लोकांनी नावं ठेवली की टाकून द्यायला काही वाटत नाही. दूध संस्थेत सकाळच्या आणि संध्याकाळच्या संकलनाच्या मधे पावती बदलून नेली ती अशीच. मुलाखती लिहून काढायला मात्र माझ्या संगणकावरच चालणाऱ्या एआयवर अजून भरवसा ठेवता येत नाही. पुणेरी बोलणं बरं उतरतं. 'करालोय', 'जातोयसा' आणि मागं म्हशीचं हंबरणं असलं की कागदावर काहीही येतं. ते मीच परत ऐकतो. परत ऐकताना सुचतंही जास्त, पण ते वेगळं.

कॉलेजकट्टा

मी इथल्याच एका कॉलेजात डिझाइन शिकतेय. आमच्या वर्गात सगळ्यांचे पोर्टफोलिओ आता एकसारखे चकाचक दिसतात. सर म्हणतात एआय वापरू नका, कंपन्या जाहिरातीत लिहितात एआय येणं आवश्यक. नक्की काय शिकू?

अक्षरवेल

मी मुलाखती घेते म्हणून सांगते. चकाचक शेवटचं पान मी बघतच नाही आता. मी विचारते, हे बटण इथं का? आणि दुसरं, यात काय काय टाकून दिलंस आणि कुणी सांगितल्यामुळं? ज्यानं खरंच काम केलंय तो दुसऱ्या प्रश्नावर सुटतो, थांबवावं लागतं. बाकीचे 'वापरकर्त्याचा अनुभव सुलभ व्हावा म्हणून' असलं काहीतरी म्हणतात. कच्ची चित्रं, वहीची पानं, फसलेले नमुने जपून ठेव. आणि सुट्टीत एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन दिवसभर बस. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या कशावरून ठरवतो ते लिहून काढ आणि चित्रात मांड. एवढं एक पान पोर्टफोलिओत असलं तर मी तुला दुसऱ्या फेरीला बोलावेन.

फ्लेक्सवाला

गुऱ्हाळावर जायचं तर हंगामात जा, ऑक्टोबरनंतर. आत्ता गेलीस तर थंड चुलवाण दिसंल.

कॉलेजकट्टा

नक्की! आजोळ कागल तालुक्यात आहे, तिथं ओळख निघेल.

तांबडापांढरा

येताना काकवी आण.

चिखलीकर

एक विचारायचं राहिलं. तुम्ही लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून एआयला घालता, ते जातं कुठं? आमच्या गावात कुणावर किती उचल आहे हे त्या मावशींनी तुम्हाला सांगितलं असणार. म्हातारी माणसं विचारलं की 'घ्या घ्या' म्हणतात. त्याला परवानगी म्हणायचं का?

सातवी गल्ली

नाही म्हणायचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी नाही. मी करतो ते असं: आवाजाची फाइल माझ्याच संगणकावर, ती कुठल्याही ऑनलाइन एआयला देत नाही, आणि काम झालं की पुसतो. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी त्यांच्याच फोनवर दोन वाक्यं रेकॉर्ड करून त्यांना ऐकवतो, म्हणजे काय चाललंय ते कळतं. ते ऐकून काही जण नको म्हणतात. मग वहीत लिहितो.

चिखलीकर

आणि टिपणं? ती तर एआयला देत असणार. नाव खोडलं म्हणून काय झालं, 'सात म्हशी, मुलगा फौजेत, घर नदीकाठाला' एवढं वाचलं तरी आमच्या गावात कुणीही सांगेल कोण ते.

सातवी गल्ली

म्हणून टिपणांतही गाव नसतं, म्हशींचा आकडा नसतो, घरातल्या माणसांचा उल्लेख नसतो. फक्त कृती राहते: पावती घेतली, तळाची ओळ वाचली, शेजारणीला दाखवली. एआयला विषयवार गट पाडायला एवढंच देतो. म्हशी आणि फौजेतला मुलगा वहीतच राहतात, आणि बेतताना ती वही लागतेच.